खिचडीवर काहिलीची वरात : कोरेगाव ते पलूस

शालनचा फोन आला तेव्हा मी माझ्या ट्रकच्या पोटाखाली उताणा पडलो होतो. मोबाइल नावाची वस्तू आमच्या कोरेगावात अजून यायची होती. फोन शेजारच्या किराणा दुकानात. दुकानदार गल्ल्यावरूनच ओरडला, "पलूसवरनं बहीण बोलतीया. रडत न्हाई, पर घाईत हाय." हातावरचं ग्रीस पँटला पुसत गेलो, आणि त्या एका फोनवर प्रवास ठरला. नव्वदच्या दशकातल्या मधल्या वर्षांतली गोष्ट, दिवाळी नुकतीच झालेली. तुम्हाला सातारा-सांगली भागात हिंडायचं असेल तर हेच दिवस निवडा. हवा गार, रान हिरवं, आणि दर चार मैलांवर कुठं ना कुठं गुळाचा वास.

शालन माझी धाकटी बहीण. तिनं आणि तिच्या मालकांनी, मारुतरावांनी, त्या साली पलूसजवळ स्वतःचं गुऱ्हाळ उभं केलं होतं. रस काढायचा चरक बसला, जाळाचं चुलाण बांधून झालं, पहिल्या गुळासाठी ऊस तोडून ठेवला. अडलं होतं काहिलीपाशी. काहिल म्हणजे उसाचा रस आटवायची लोखंडी कढई, माणूस आत आडवा झोपेल एवढी. ज्याला करायला दिली होती त्यानं ऐनवेळी हात वर केले. आणि गूळ रांधणारा वस्ताद, ज्याला गुळव्या म्हणतात, तो वळकटी घेऊन येऊन बसलेला.

"इराप्पा तात्या म्हनत्यात, शुक्रवारी दुपारपातूर थांबतो," शालन सांगत होती. "चुलाणावर काहिल दिसली न्हाई तर मिरजंकडं दुसऱ्या गुऱ्हाळावर चाललो. दादा, असा गुळव्या परत गावायचा न्हाई. ऊस वाळाय लागलाय. आन सासरं रोज येऊन चुलाणाकडं बगून जात्यात. बोलत कायबी न्हाईत. बोललं असतं तर बरं."

तो बुधवार होता.

माझ्या ओळखीत एक काहिल होती. कोरेगावापासून आत एका गावात नाना म्हणून एक म्हातारे गृहस्थ. ऊस कारखान्याला जायला लागल्यावर त्यांनी गुऱ्हाळ बंद केलं, पण काहिल विकली नव्हती. गोठ्यामागं पालथी घालून ठेवली होती. मारुतरावांनी फोनवर माप दिलं: सहा फूट. नानांचीही सहा फुटीच, आणि द्यायला ते तयार होते.

इथं माझ्या गाडीची ओळख करून देतो. कोरेगावात तिला खिचडी म्हणत. लिलावात घेतलेली जुनी नाकवाली गाडी, हौदा तोकडा. इंजिन एका गाडीचं, गिअरबॉक्स दुसऱ्या, रेडिएटर एका पाण्याच्या टँकरचा. लाकडी फाळके मी स्वतः बसवलेले. एकदा कडब्याच्या ओझ्यानं केबिनचं टप चेपलं, तेव्हा नवं टप चार बोल्टांवर असं बसवलं की हवं तेव्हा उचलून ठेवता यावं. डिझेल ती पाण्यासारखं प्यायची, उन्हाळ्यात केबिनमध्ये पापड भाजून निघाला असता, आणि थंडीत हँडल मारल्याशिवाय उठायची नाही. तरी तिच्या अंगात माझा हात पोचत नाही अशी जागा नव्हती. क्लीनर म्हणून पोटाला लागून पुढं मेकॅनिक झालेल्या माणसाला यापरतं काय पाहिजे.

माझा मेहुणा विलास याला हे पटत नसे. त्यानं त्याच दिवाळीत नवी कोरी पिकअप घेतली होती. पांढरी, गादीच्या सीटची, टेपवाली. सीटवरचं प्लास्टिक अजून काढलं नव्हतं.

"दाजी, सहा फुटाची काहिल ना? माझ्या गाडीत आरामात बसती. तुमची खिचडी राहू द्या घरी. शुक्रवार म्हनलंय, पुढल्या शुक्रवारीबी पोचायचं न्हाई."

"बरं," म्हणालो. "पर मी मागनं येतो. सोबत म्हणून."

गुरुवारी सकाळी नानांच्या गोठ्यामागं गेलो आणि काहिल बघून विलासचा चेहरा उतरला. पिकअपच्या हौद्यावर ती ठेवली तर गाडीनं टोपडं घातल्यासारखं दिसलं असतं. फिता लावला. तोंडाशी आठ फुटांच्या वर. मारुतरावांनी खोटं सांगितलं नव्हतं. गुऱ्हाळवाले काहिलीचं माप बुडाचं सांगतात, कारण चुलाणाचं तोंड बुडाच्या मापानं ठेवायचं असतं. तोंड केवढं हे विचारायची त्यांना कधी पाळी येत नाही.

"आवं, सहा फुटीच हाय ती," नाना बुडावर हात ठेवून म्हणाले. "तुमी तोंड कशापाई मोजतासा? लगीन जमवताय का?"

विलास हटेना. गावातल्या सात-आठ जणांना हाताशी धरून त्यानं काहिल पालथी पिकअपवर चढवली, नव्या रंगाला ओरखडा नको म्हणून खाली घरच्या गोधड्या घातल्या, आणि निघाला. गावाबाहेर स्वागत कमान होती. कोण्या पुढाऱ्याच्या भेटीसाठी गावानं घाईत बांधलेली, त्याच्या मोटारीच्या मापाची. एका बाजूला ओढा, दुसऱ्या बाजूला देवळाचा कट्टा. वाट तेवढीच.

"ही काहिल गावात आली कशी मग?" मी विचारलं.

"ती आली तवा कमान नव्हती," नाना म्हणाले. "रस्ता लय मोठा हुता. स्वागत कराय लागलो आन बारका झाला."

विलासनं तरी पुढं दामटली. काहिलीचा काठ खांबाला आदळला आणि देवळातली घंटा वाजावी तसा आवाज गावभर गेला. कट्ट्यावरचा एक म्हातारा झोपेतून उठून हात जोडून बसला.

मग काहिल खिचडीवर घ्यायची ठरली. एका बाजूचा फाळका काढला, काहिल तिरपी उभी केली, एक काठ हौद्यात, दुसरा आभाळात. रुंदी बसली, पण हौदा तोकडा, त्यामुळं पुढचा काठ केबिनला अडला. चार बोल्ट सोडले, टप उचलून नानांच्या अंगणात ठेवलं. आता काहिलीचा काठ बरोबर आमच्या डोक्यावर आला, छत्रीसारखा. कासरे, साखळ्या, टायरच्या ट्यूबा, जे होतं त्यानं आवळलं. दोन्ही बाजूंना बोटबोटभर जागा ठेवून खिचडी कमानीखालून बाहेर पडली तेव्हा पोरांनी शिट्ट्या मारल्या. विलास म्हणाला, "माझी गाडी अशी कापता-बिपता येत न्हाई दाजी. गॅरंटी जाती." ते खरंच होतं.

एवढ्यात दिवस मावळला, म्हणून मुक्काम नानांकडंच. बाजरीची भाकरी, घेवड्याची आमटी. जेवताना नाना म्हणाले, "म्या येणार सकाळी संगं."

"कशाला त्रास?"

"चुलाणावर बसल्याली बघतो आन येतो. येवढी वर्सं घरात हुती."

शुक्रवारी झुंजूमुंजू होताच निघालो. रहिमतपूर, मसूर, कऱ्हाड, मग शेणोलीवरून पलूस. तेव्हा हा रस्ता एकेरी, कडेला वडाची झाडं. आज जाल तर निम्म्या वेळात पोचाल, पण मसूरच्या आधी एखाद्या शेताच्या बांधावर थांबाच. धुकं पिकावरून उठताना बघण्यासारखं असतं. आम्हाला टप नव्हतं, त्यामुळं ते धुकं थेट मांडीवर येत होतं. नानांनी कानटोपी घातली, वर काहिल, आणि पटक्यातल्या नवऱ्यामुलासारखे ताठ बसले. मागनं विलासची पिकअप, काचा बंद, आत गाणी.

रस्त्यानं माणसं थांबून बघत. एका थांब्यावर एस.टी.च्या खिडकीतून कुणीतरी विचारलं, "काय पाव्हणं, डिश अँटेना का?"

"व्हय," नाना म्हणाले. "समद्या जिल्ह्याची."

त्या काहिलीखाली बसून मला एक गंमत कळली. सगळा आवाज तिच्यात गोळा होऊन डोक्यावर पडत होता. माझे कान मुळातच तिखट. गिऱ्हाइकाच्या गाडीचं दुखणं मी ती गल्लीत वळतानाच ओळखायचो. त्या दिवशी खिचडीचा प्रत्येक व्हॉल्व्ह मला वेगळा ऐकू येत होता. मजा वाटली. आणि मग रहिमतपूर सोडल्यावर त्या सगळ्यात एक बारीक चिर्र ऐकू आली. खड्डा आला की चिर्र. इंजिन बंद करून उतारावर गाडी सोडून बघितली. तरी चिर्र. आणि ती वरनं येत होती. म्हणजे गाडी नव्हे.

मसूरला मिसळ खायला थांबलो. तर्री अशी की नाक गळतं. पाव मागून घ्यावे लागतात, पण रस्सा मागेल तेवढा. पहिल्या घासालाच मी नानांना म्हणालो, "काहिलीची एक रिव्हेट सैल झालीया."

नानांनी चमचा खाली ठेवला. "माझ्या काहिलीला नावं ठिवतासा?"

"नावं न्हाई, आवाज सांगतोय."

"येवढ्या हंगामात एक थेंब गळला न्हाई तिच्यातनं. तुमच्या त्या खुळखुळ्यातलंच कायतरी वाजत आसंल. त्यात काय वाजत न्हाई ते इचारा."

हॉटेलवाल्याकडून घागरभर पाणी घेतलं, काहिलीच्या खालच्या काठाला जिथं रिव्हेटांनी पत्रे जोडलेत तिथं ओतलं. सगळे वाकून बघत राहिलो. थोड्या वेळानं बाहेरच्या अंगाला एक थेंब जमला, लोंबला, पडला. मग दुसरा. बरोबर तिथंच, जिथं काल खांब लागला होता.

विलास सरळ गल्ल्याकडं गेला. बिल त्यानं दिलं.

ही काहिल अशीच चुलाणावर बसली असती तर उकळता रस जाळात गळला असता, पहिलंच आदण, म्हणजे काहिलभर रस, वाया गेलं असतं, आणि शालनच्या सासऱ्यांना एक शब्दही न बोलता जिंकता आलं असतं. कऱ्हाडच्या अलीकडं रस्त्याकडेला एका लोहाराचं पाल होतं. नवरा भट्टीवर, बायको घणावर. लोहारानं रिव्हेटचं भोक बघितलं आणि मान हलवली. "येवढी जाड रिव्हेट आता कुनी वापरत न्हाई. कऱ्हाडात हुडकाय लागंल. दुपार हुईल."

दुपार आमच्याकडं नव्हती.

विलास पिकअपपाशी गेला, खाली वाकला, आणि परत आला. "माझ्या गाडीचा एकांदा बोल्ट चालंल का? मागल्या बंपरचा हाय. काढा."

"गॅरंटी?" मी म्हणालो.

"काढा म्हनलं ना."

पाना लावून काढला. लोहारानं तो हातात खेळवला, कानस मारली आणि परत दिला. पोलाद होतं, कडक. ठोकून पसरलं नसतं, तडकलं असतं. विलासनं बोल्ट जागेवर बसवला, पण मघापासून त्याचा पडलेला खांदा जरा वर आला होता.

मग मी खिचडीला एक प्रदक्षिणा घातली. फाळक्याचे बोल्ट जुन्या मऊ लोखंडाचे, मीच कधीतरी भंगारातून आणलेले. जाडी बोटाएवढी. मागच्या कोपऱ्यातला एक काढला आणि त्याच्या जागी शेजारच्या बाभळीची खुंटी ठोकली. खिचडीनं हूं की चूं केलं नाही. अंगातली एक वस्तू काढून दिली तरी चालत राहील अशी गाडी असावी, हे माझं मत त्या बाभळीखाली पक्कं झालं आणि पुढं कधी बदललं नाही.

"तू फुडं हो," मी विलासला म्हणालो. "ऊन चढाय लागलंय. तुझी गाडी पळती. काय बी करून तात्याला धर."

धुरळा उडवत तो गेला.

लोहारानं बोल्ट तापवून पांढरा केला, मी आतून जड ऐरण दाबून धरली, आणि लोहारणीनं घण उचलला. बाई काटकुळी, पण घण अगदी सांगितल्या जागी पडत होता. नाना प्रत्येक घावाला डोळे मिटत होते.

"म्हातारबाबा, तुमाला लागतंय का?" तिनं विचारलं.

"जरा हळू की गं बाई."

"हळू मारलं तर गळंल. मग मलाच शिव्या देत बसशीला."

पाणी ओतून बघितलं. कोरडं ठणठणीत. तिच्या हातावर पैसे ठेवले, आणि नानांनी खिशातली लिमलेटची गोळीही ठेवली.

पुढच्या रस्त्यावर खाली उतरून गाडी ढकलत नेली असती तर लवकर पोचलो असतो, असं वाटत होतं. शेणोलीच्या पुढं ऊस लागतो, दोन्ही बाजूंना भिंतीसारखा. खिचडी तिच्या चालीनंच चालली. गुऱ्हाळाच्या वळणावर पोचलो तेव्हा ऊन डोक्यावरून कलायला लागलं होतं. चुलाण मोकळं. त्याच्या शेजारी शालन उभी, मारुतराव उभे, जरा लांब बाजेवर सासरे. तात्याही नाही आणि वळकटीही नाही.

"गेलं?" मी विचारलं.

"दुपारची यस्टी चुकू ने म्हनून मघाशीच वळकटी घिऊन फाट्यावर गेलं," शालन म्हणाली. तिनं काहिलीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, पदर खोचला. "तू आधी उतरव दादा. बघू मग."

साखळ्या सोडत होतो तोवर पिकअप आली. दार उघडून एक धिप्पाड, पांढऱ्या मिशीचा माणूस उतरला, काखेत वळकटी. हेच इराप्पा तात्या. मागनं विलास, चेहरा धुतल्या तांदळासारखा.

"ह्यो तुमचा मेव्हणा का?" तात्यांनी मला विचारलं. "फाट्यावर गावला. मिरजंला सोडतो म्हनला. गाडी लय झ्याक, गादी मऊ, गाणी बी चांगली. पर मला घिऊन तिसऱ्यांदा त्याच कारखान्याफुडनं गेला तवा मी म्हनलं, बाबा, तुला रस्ता ठावं न्हाई का मला?"

"आन मग?" शालननं विचारलं.

"मग खरं बोलला. म्हनलं चल, बघू तरी काय आनलंय."

तात्यांनी काहिलीभोवती एक फेरी मारली. बोटाच्या पेरानं रिव्हेटा वाजवत गेले, एकेक, कान लावून. बाजेवरचे सासरेही उठून जवळ आले. आमच्या बोल्टापाशी बोट थांबलं. त्यांनी परत वाजवलं.

"ही येगळी वाजती."

मी म्हणालो, "आज बसवलीया. माझ्या गाडीची हाय."

तात्यांनी खिचडीकडं बघितलं. टप नाही, एक फाळका नाही, कोपऱ्यात बाभळीची खुंटी. बराच वेळ बघितलं.

"पानी भरा," ते म्हणाले.

सगळ्यांनी धरून काहिल चुलाणावर बसवली, बादल्या लागल्या. सासऱ्यांनीही दोन ओतल्या. तात्या चुलाणाच्या तोंडात डोकं घालून खालून बघत राहिले. बाहेर आले तेव्हा मिशीला राख लागली होती. वळकटी त्यांनी भिंतीशी टाकली आणि शालनला म्हणाले, "तंगी, जाळ घाल."

तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. त्याआधी ते तिला नुसतं बाई म्हणत होते, हे मला नंतर कळलं.

संध्याकाळी पहिलं आदण उतरलं. ज्यानं हे बघितलं नाही त्यानं नुसतं यासाठी यावं. रस आधी हिरवट, मग फेस, मग सोन्याचा रंग, आणि वास असा की पोट भरलेलं असलं तरी भूक लागते. गुऱ्हाळावर गेलात तर जवळ रिकामी बाटली ठेवा. काकवीला कुणी नाही म्हणत नाही आणि पैसे विचारलेत तर रागावतात. घरी नेऊन भाकरीशी खा.

पहिला गूळ आधी चुलाणाला ठेवतात, मग गुळव्याला देतात, आणि पूर्वी चरक ओढणाऱ्या बैलांच्या तोंडाला लावत. शालनच्या चरकाला डिझेल इंजिन होतं, बैल नव्हते. ती तळहातावर गरम गूळ घेऊन जरा थांबली, मग सरळ खिचडीपाशी गेली आणि बॉनेटवर, नाकाच्या शेंड्यावर, तो गोळा थापला. मग पिकअपकडं वळली. मला वाटलं आता विलास ओरडणार.

"लाव की," तो म्हणाला. "बघतीस काय?"

पांढऱ्या रंगावर तिनं चांगला पंजाभर लावला. सासरे गुळाचा खडा चघळत म्हणाले, "चव बरी हाय." त्यांच्या तोंडून एवढं आलं म्हणजे पुष्कळ, असं मारुतराव पुढं कितीतरी दिवस सांगत होते.

शनिवारी परतताना सांगलीला वळसा घातला, नानांना गणपती बघायचा होता म्हणून. देवळातून निघून कृष्णेच्या घाटावर बसलो. सांगलीहून भडंग घेतल्याशिवाय येऊ नका. लसूण जास्त मागा. नाना भडंगाचा बकणा भरत एवढंच म्हणाले, "चांगल्या घरी पडली." नानांना सोडायला त्यांच्या गावात पोचलो तर आमच्या टपावर त्यांच्या मंडळींनी सांडगे वाळत घातले होते, त्यामुळं टप घ्यायला मला सोमवारी परत जावं लागलं.

आता हिशोब. त्या प्रवासात पिकअप नसती तर तात्या मिरजेला पोचले असते, हे मी विलाससमोर कबूल करतो आणि इथंही करतो. पुढं पोरांच्या हट्टानं मीही एक नवी गाडी घेतली, गार हवेची. तिच्यात बसलं की कुणीतरी दुसऱ्यानं आपली काळजी घेतल्यासारखं वाटतं. वाईट नाही. पण तिचं काही बिघडलं की मी रस्त्याकडेला हात बांधून फोनची वाट बघत उभा राहतो, आणि ते उभं राहणं मला अजून जमत नाही. खिचडी शेडमध्ये आहे, हँडल मारलं की उठते. शालनचं गुऱ्हाळ दर दिवाळीनंतर पेटतं.

त्या शनिवारी घरी पोचलो तेव्हा दिवे लागले होते. आमची मंडळी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली, टप नसलेल्या गाडीकडं, माझ्या धुळीनं भरलेल्या तोंडाकडं बघत गाडीजवळ आली. मग बॉनेटपाशी वाकली. पलूसच्या मुंग्या तिथं रांगेनं चालल्या होत्या, बॉनेटच्या फटीतून आत, इंजिनाच्या उबेला, घर केल्यासारख्या.

"शालूच्या गुळाला मुंग्या लागल्या म्हना की," ती म्हणाली, आणि तांब्या माझ्या हातात देऊन आत वळली. "पाय धुवा. त्यांना ऱ्हाऊ द्या तितंच."